आयरिश पूर्वजांचं गाव शोधताना
अमेरिकेतल्या आयरिश कुटुंबाला मूळ गाव शोधायचं असेल, तर सुरुवात अमेरिकेतूनच करावी. आयर्लंडमध्ये 1845 पासून करप्याने बटाट्याचं पीक गेलं. सुमारे दहा लाख माणसं दगावली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळच्या जहाजांच्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि बहुतेकदा नुसतं 'आयर्लंड' सापडतं. गाव मिळालं तर ते चर्चमधल्या लग्ननोंदीत किंवा थडग्यावरच्या दगडावर.

एलिस बेटावर 1892 मध्ये सुरू झालेल्या स्थलांतरित-तपासणी केंद्रातल्या कारकुनांनी आडनावं बदलली, हा समज मात्र सोडून द्यावा. जहाज सुटतानाच भरलेल्या यादीवरून ते नावं ताडून पाहत.

आयर्लंडमधली अडचण वेगळी. 1922 मध्ये यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि 1821 ते 1851 च्या जनगणनेचे थोडेच कागद वाचले. केवढं हे नुकसान! म्हणून ग्रिफिथ या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झालेली 1847 ते 1864 दरम्यानची मालमत्तेची आकारणी अनमोल आहे. कोणत्या वाडीत कोण कुणाचं कूळ होतं, घर-जमिनीची आकारणी किती, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं आहे. 1901 आणि 1911 ची जनगणना तर आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.