पैलवानाचा खुराक, धावपटूची शिदोरी

उचगावातून हुपरी रस्त्याला पहाटे कुणी धावताना दिसला, की एखादा वडीलधारा हमखास विचारतो, "पळतोस ते ठीक, पण खुराक काय?" कोल्हापूरच्या पंचक्रोशीत खुराक म्हटला की तालीमच आठवते. थंडाई, बदाम, तूप, म्हशीचं दूध. पण ऑलिंपिकची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते आणि हौशी धावपटूची मॅरेथॉन चार-पाच तास चालते. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

"शर्यतीच्या सकाळी दूध-तूप घे, अंगात ताकद राहील." ताकद राहते ती पोटातच! स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात, आणि वेगानं धावणाऱ्या स्नायूंना मुख्यतः कर्बोदकं लागतात. दोनेक तास आधी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे आणि एक-दोन केळी. शेंगदाणे आणि फोडणीचं तेल बेतानंच.

"आदल्या रात्री दाबून जेवलं की झालं." इथं थोडा हिशेब करावा लागतो. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर ढोबळमानानं दोन हजार कॅलरींची. ६० किलोचा धावपटू किलोमीटरला साठेक कॅलरी जाळतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनला चढामुळं थोड्या जास्त लागतील, तरी साठा पुरतो. तिच्यासाठी दोन दिवस भात रिचवायचं कारण नाही. पूर्ण ४२ किलोमीटरला मात्र अडीच हजार लागतात. थोडी चरबीही जळते, पण वेग जास्त असेल तर साखर आधी संपते आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात. म्हणून मोठ्या शर्यतीआधी दीड-दोन दिवस, रोज किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं घ्यायची असतात. म्हणजे दिवसाला किमान सहाशे ग्रॅम. नुसत्या भातातून घ्यायची तर तांदूळ पाऊण किलोच्या वर जातो. एका रात्रीत हे कुणाला जमेल? भात, बटाटा, केळी, गूळ असं विभागून खायचं. उसळी, पालेभाज्या दोन दिवस कमी. तांबडा-पांढरा रस्सा शर्यतीनंतर.

"धावताना परदेशी एनर्जी जेलच लागतं." जेल सोपं पडतं, एवढंच. आपल्या गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. आतड्यात या दोघांचे मार्ग वेगळे. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपास शोषलं जातं, दोन्ही मिळून ९० पर्यंत. दोन तासांच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम भरपूर. अर्धा लिटर पाण्यात ३५ ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ घातलं की द्रावण सात टक्क्यांच्या आसपास येतं. त्याहून दाट केलं तर पोट ढवळतं. सरावात घेऊन न पाहिलेलं काहीही शर्यतीत घेऊ नये, मग ते जेल असो की गुळाचं पाणी. मधुमेह असणाऱ्यांनी हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं.

ओआरएसला लोक इंधन समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यात लिटरमागे फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हवी असतील तर चार लिटरहून जास्त प्यावं लागेल.

आणि इतकं पिणं धोक्याचं. "तहान लागण्याआधी पीत राहा" हा सल्ला आता मागे पडला आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलं होतं, आणि त्याच्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामाहून जास्त पिण्याशी. तहानेनुसार प्यावं. शर्यतीनंतर वजन किंचित घटलेलं असणं स्वाभाविक. वाढलं असेल तर पाणी जास्त झालं.

"संपल्यावर अर्ध्या तासात पावडर नाही घेतली तर मेहनत वाया." ही घाई बहुतेकांना नकोच. आठ तासांच्या आत पुन्हा पळायचं असेल तरच पहिले चार तास किलोमागे तासाला एक ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. एरवी दिवसभराच्या नेहमीच्या जेवणातून साठा भरून निघतो. स्नायूंच्या डागडुजीला एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं लागतात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचा एक पेला दूध आणि दोन उकडलेली अंडी यात ती जवळपास भरतात.