"सगळं ठीक आहे ना, सिस्टर?"

मी मॅमोग्राफी करते असे सांगितले, की आमच्या मंडळीतल्या वयस्कर बायका हमखास विचारतात, "म्हणजे नेमकं काय करतेस गं तू?" नर्स म्हटले की सगळ्यांना कळते. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेली एखादी मावशी नाहीतर आत्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नात्यात असते. टेक्नॉलॉजिस्ट म्हटले की मात्र पुढे काय विचारावे ते कुणाला सुचत नाही. बेळगावात या कामात मला चौदा वर्षे झाली. पेशंट मला सिस्टरच म्हणतात. मी नर्स नाही आणि मठातली सिस्टरही नाही, पण आता त्या हाकेची सवय झाली आहे.

आज लिहिते आहे ते अशा बायकांसाठी, ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावरही सहा-सहा महिने येत नाहीत. का आला नाहीत, असे विचारले तर तीनच कारणे निघतात. लाज वाटते, दुखेल, आणि काही निघालं तर काय करायचं? तिन्ही कारणे खरी आहेत, त्यांना मी हसत नाही. म्हणून आत काय होते ते सरळ सांगते.

पहिली गोष्ट लाजेची. आमच्या खोलीत तुम्ही आणि मी, एवढ्याच असतो. दार आतून बंद असते. अंगावर गाऊन असतो आणि एका वेळी एकच बाजू उघडावी लागते. बाहेर नवरा किंवा सासूबाई असतील तर त्यांना बाहेरच बसवते, आणि हे मुद्दाम करते. बाहेर फॉर्म भरताना बायकोच्या वतीने नवराच उत्तरे देत असतो. वय किती, मुले किती, पाळी कधी आली, सगळे तोच सांगतो. दार बंद झाले की बाई हळूच म्हणते, "सिस्टर, खरं म्हणजे गाठ दीड वर्षापासून आहे की ओ. घरात कुणाला बोलले नाही." असे मी किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब ठेवलेला नाही. ती जे सांगते ते मी कागदावर लिहिते, कारण रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायलाच हवे.

दुसरी गोष्ट दुखण्याची. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबली जाते. दाब बसतो, काहींना दुखतेही, ते मी नाकारत नाही. पण तो काही सेकंदांचाच असतो. दाबायचे कशाला? घडी घातलेली साडी उजेडाकडे धरली तर कुठे विरली आहे ते दिसत नाही. पसरून धरली की लगेच दिसते. तसेच हे आहे. पेशी एकावर एक चढलेल्या असल्या की लहानशी गाठ त्यात लपते. दाबल्याने त्या पसरतात, फोटो हलत नाही आणि किरणेही कमी लागतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका, असे एकूण चार. तिरक्या फोटोत काखेकडचा भाग येतो, म्हणून हात वर धरायला लावून मी तुम्हाला जरा ओढते, खांदा सैल सोडा म्हणून सांगते. त्या वेळी रागावू नका. मग मराठीत "श्वास धरा" किंवा कानडीत "उसिर हिडीरी" म्हणते, बटण दाबते, आणि पाटी आपोआप सुटते.

पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा छाती कमी हुळहुळी असते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्याचे बारीक कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात, आणि आम्हीही तसलेच ठिपके शोधत असतो.

किरणांची भीती पुष्कळांना असते. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या शरीराला वर्षभर थोडी किरणे मिळतच असतात. जगाची सरासरी धरली तर ती वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट होतात. दोन्ही बाजूंच्या मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे दोनएक महिन्यांत नुसते घरी बसून मिळतील तेवढी. माझ्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. मला स्वतःला किती किरणे लागली ते त्यावरून मोजले जाते. पेशंट विचारतात, "हे काय, ओळखपत्र?" मी म्हणते, हो, यंत्राने माझी ठेवलेली ओळख.

आता तिसरी गोष्ट, आणि तीच सगळ्यात अवघड. फोटो निघाला की तो पडद्यावर आधी मला दिसतो. बाई गाऊन सावरत विचारते, "सगळं ठीक आहे ना, सिस्टर?" ती माझ्या तोंडाकडे बघत असते. मी हसले तर घरी जाऊन सांगते की काही नाही. मी गप्प राहिले तर जिना उतरेपर्यंत रडू लागते.

मी उत्तर देत नाही. रिपोर्ट देण्याचे काम रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचे आहे हा नियम तर आहेच. पण नियमामागेही कारण आहे. फोटोत चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि कॅन्सरही पांढराच दिसतो. पाण्याची साधी गाठ पांढरी, तरुणपणी होणारी निरुपद्रवी गाठ पांढरी, काखेतली नेहमीची ग्रंथीसुद्धा पांढरी. ज्यांच्या छातीत ग्रंथींचा भाग दाट असतो, त्यांच्या फोटोत पांढऱ्यावर पांढरे शोधावे लागते. म्हणूनच चाळिशीच्या आतल्या बाईला बहुधा आधी सोनोग्राफी सांगतात. तेव्हा माझ्या एका हसण्यावर किंवा गप्प बसण्यावर तुम्ही काहीही ठरवू नका. माझा चेहरा म्हणजे रिपोर्ट नव्हे.

कधी मी "आणखी एक फोटो घेऊ या" म्हणते, कधी दोन दिवसांनी फोन जातो की परत या. रिपोर्टमध्ये बायरॅड्स नावाचा आकडा असतो. तो शून्य असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून फोटो, सोनोग्राफी किंवा जुने फोटो बघितल्याशिवाय मत देता येत नाही. काही त्रास नसताना तपासणी केलेल्या आणि मग परत बोलावलेल्या बायकांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतो. फोन आला म्हणून घाबरून घरी बसू नका. घरी बसणे हाच खरा धोका.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपते ते सांगते. "दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही," हे वाक्य. दुखले की आपण डॉक्टरकडे जातो, न दुखणारी गाठ मात्र देवपाटातल्या भांड्यासारखी जपून ठेवतो. मुलीचे लग्न होऊ दे, नाताळ होऊ दे, सुगी होऊ दे. पण स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. गाठ, काखेतली गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, यातले काहीही दिसले तर वाट बघू नका. आणि हे पुरुषांनीही वाचावे. त्यांना हा आजार क्वचित होतो, पण होतो.

भारतातल्या बायकांत आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, आणि सुमारे ९८ हजार बायका दगावल्या. आपल्याकडे पुष्कळ जणी उशिरा येतात, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

सगळ्यांना मॅमोग्राफी परवडत नाही आणि प्रत्येक गावी यंत्रही नाही. त्यांना मुंबईची एक गोष्ट सांगते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये तिथल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे यंत्र नसले तरी जाणता हात पुष्कळ काम करतो. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. चाळीस ओलांडलेल्यांनी, आणि आई-बहिणीला हा आजार झालेल्यांनी, मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटी एक कामाचे. फोटो निघाला म्हणजे तपासणी संपली असे नाही. न्यायला कुणी आले नाही म्हणून रिपोर्ट आमच्या कपाटात पडून राहतात. काही जणी रिपोर्ट नेतात आणि गादीखाली ठेवतात. पाकीट घ्या, ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्यांनाच नेऊन दाखवा, आणि जुने फोटो फेकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच ठिपका तेवढाच असेल, तर डॉक्टरांना फार मोठा आधार मिळतो.

महिला मंडळाच्या बैठकीत अर्धा तास दिलात तर मी येऊन हे सगळे पुन्हा सांगेन, आणि जे छापता येत नाही तेही विचारा. शेजारच्या बायकांनाही घेऊन या. तपासणीला एकटीने यायचा धीर होत नसेल तर जोडीने या. बाहेर बाक आहे, मैत्रीण तिथे बसेल. आत मी आहेच.