शैक्षणिक सुधारणा आणि शाळेची व्यवस्था



नवी योजना शाळेत येते तेव्हा तिचे बाह्य रूप आधी पोहोचते, हेतू मागाहून येतो. कित्येकदा तो वाटेतच राहतो. १९३७ साली वर्धा येथील परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. हस्तोद्योगाच्या द्वारे भाषा, गणित आदी विषय शिकवावेत, हा तिचा गाभा होता. अनेक शाळांत टकळी आली. परंतु कातलेल्या सुतावरून गणित शिकविण्याचे मूळ कार्य मागे पडले.

आपल्या काळातही हेच घडले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे व तेथील शिक्षक यांनी मुलांना गटात बसवून, साहित्य हाताळू देऊन, स्वतः शिकू देण्याची पद्धत रुजविली. २०१५ च्या सुमारास राज्यभरातील शिक्षक ती पाहण्यास गेले. त्यानंतर ठिकठिकाणी वर्गांच्या फरशा रंगल्या. अशीच एक फरशी पाहून मी एका शाळेच्या शेरेबुकात प्रशंसा लिहिली. निघताना तिसरीतील एका मुलीस सहज एक ओळ वाचावयास सांगितली. तिला अक्षरेही जुळविता आली नाहीत. शेरा लिहून झाला होता. चूक त्या शाळेपेक्षा माझी अधिक होती.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक बालकास अर्थासह वाचन व मूलभूत अंकगणित यावे, असे उद्दिष्ट ठरविले. ते साधण्यासाठी मुख्याध्यापकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट, आरंभ कोठून करावयाचा ते जाणणे. नवी पद्धत स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक मुलास जवळ बसवून वाचन ऐकावे व नोंद ठेवावी. महिन्याने तीच नोंद पुन्हा घ्यावी. पद्धतीची खरी परीक्षा याच नोंदीत होते.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतात. अशा द्विशिक्षकी शाळेने चारही वर्गांत एकदम बदल केल्यास दोघांचीही तारांबळ उडते. प्रथम पहिली-दुसरीत प्रयोग करावा. तो स्थिरावल्यावर पुढील वर्ग घ्यावा.

तिसरी गोष्ट, अध्यापनाच्या वेळेचे रक्षण. मागितलेली माहिती भरण्यासाठी भाषा व गणिताची तासिका मोडू नये. ते काम वर्ग सुटल्यावर करावे.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. तांड्यावरील बालक घरी बंजारा बोली बोलते. आरंभी त्याच्या शब्दांना वर्गात स्थान द्यावे व त्यांवरून मराठीकडे न्यावे. दिवाळीनंतर जी कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यावे व त्यात मूल कोणत्या पाठापर्यंत आले ते लिहावे. मूल परतल्यावर तेथूनच पुढे शिकवावे.

पाचवी गोष्ट, पालकांचा विश्वास. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यासमोर अहवाल वाचण्याऐवजी मुलांकडून वाचन करवून दाखवावे.

पुढील भेटीत फरशी व तक्ते मी मागाहून पाहीन. आधी मागच्या रांगेतील मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकेन. आपणही दररोज एका तरी मुलाचे तसे ऐकावे, ही विनंती.