चव मागे शोधत जाताना
(लेखमाला : कोकोच्या बीपासून बारपर्यंत – लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण बिया आंबवून, उन्हात वाळवून पोत्यांत भरेपर्यंत आलो. आज एकदम तयार बार हातात घ्यायचा आहे. भाजणं, दळणं हे मधले टप्पे चाखता चाखताच समोर येतील, आणि ते तसेच जास्त नीट कळतात असं मला वाटतं.

छोट्या कारखान्यांत थेट बियांपासून बनवलेल्या डार्क चॉकलेटची परीक्षणं मी आवडीने वाचते. त्यांतली बरीचशी ‘मस्त’, ‘मुलायम’, ‘जरा कडूच’ एवढ्यावर आटोपतात. चाखणाऱ्याला बार आवडला की नाही हे त्यातून कळतं. बारबद्दल काही कळत नाही. माझ्या लेखी चांगलं परीक्षण चवीचा माग काढत मागे जातं. हा आंबटपणा कुठला, शेतावरचा की कारखान्यातला? हा धुराचा वास आला कुठून? डार्क चॉकलेटमध्ये दूध नसतं, सुका मेवा नसतो, चांगल्या बारमध्ये अनेकदा व्हॅनिलाही नसतं. कोको आणि साखर, बस्स. त्यामुळे मधे कुठेही काही चुकलं, तरी ते जिभेपर्यंत पोचतंच.

सुरुवात वेष्टनापासून करू. घटकयादीत वनस्पती तूप किंवा हायड्रोजनेटेड फॅट प्रामुख्याने दिसलं, तर ते ‘कंपाउंड’. घरी केक करणाऱ्या अनेकींच्या ओट्यावर असणारी ती स्वस्त लादी हीच. केकवर ओतायला ती ठीक, पण कोको बटर, म्हणजे बियांतलाच स्निग्ध भाग, नसलेला पदार्थ चॉकलेट म्हणून चाखण्यात अर्थ नाही. युरोपात मात्र २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक वनस्पतींचे स्निग्ध पदार्थ चालतात. त्यांत शिया, साल, पाम यांच्याबरोबर आंब्याच्या कोयीतलं तेल आहे आणि आपल्या कोकमाच्या बियांचंही. थंडीत भेगाळलेल्या टाचांना कोकणात जे चोळतात, गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात, तेच. कोको बटरपेक्षा ते थोड्या जास्त तापमानाला वितळतं.

मग येतो टक्क्यांचा आकडा. ७० टक्के म्हणजे बियांतून आलेलं सगळं मिळून सत्तर, उरलेली बहुतेक साखर. पण या सत्तरमध्ये वरून घातलेलं कोको बटरही धरलेलं असतं. एका कारागिराने ७० भाग बिया घातल्या आणि दुसऱ्याने ५५ भाग बिया व १५ भाग बटर घातलं, तरी दोघेही वेष्टनावर सत्तरच छापणार. पहिला बार गडद आणि दाट लागेल, दुसरा सौम्य आणि ओघळता. फरक ओळखायला पोषणतक्ता बघावा. सोललेल्या बियांत साधारण निम्म्याहून थोडं जास्त बटर असतं, म्हणून नुसत्या बियांच्या ७० टक्के बारमध्ये १०० ग्रॅमला ३७ ग्रॅमच्या आसपास फॅट दिसतं. आकडा ४४-४५ असेल तर बटर वरून आलेलं आहे. यात फसवणूक काही नाही, पण हे न बघता दोन सत्तरांची तुलना करणं व्यर्थ आहे. आणि नव्वद टक्के म्हणजे सत्तरपेक्षा वरचा दर्जा हा समज तर सोडूनच द्यावा. बिया वाईट असतील तर नव्वद टक्के वाईट बिया पोटात जातील.

चाखायला सकाळची वेळ बरी, चहा-कॉफीच्या आधी. खोलीत उदबत्ती नको, फोडणी नको. बार फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर त्याने लसणाचा आणि हिंगाचा वास घेतलेला असण्याची शक्यता फार, कारण स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात. शिवाय थंडगार तुकडा तोंडात उघडतच नाही. वीस-बावीस अंश हे चांगलं तापमान. आपल्याकडच्या मे महिन्यात ते एसीशिवाय मिळत नाही, म्हणून परीक्षणाचं काम मी शक्यतो थंडीत करते.

तुकडा मोडा. कोरडा, टणक आवाज आला आणि कडा स्वच्छ तुटली तर टेम्परिंग, म्हणजे बटर हव्या त्या स्फटिकांत गोठवणं, जमलं आहे. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार हवा असतो, कारण तो साधारण ३४ अंशांना वितळतो. म्हणून बार बोटांत धरवतो आणि तोंडात विरघळतो. वर पांढुरके पट्टे दिसले तर बुरशी समजून टाकू नका. उष्णतेने वितळून पुन्हा गोठताना बटर वर आलेलं असतं. खाल्ल्याने अपाय नाही, पण पोत बिघडलेला असतो. असा बार परीक्षणाला घेऊ नये आणि त्याचा दोष सरळ बनवणाऱ्याच्या माथी मारू नये. कुरिअरच्या तापलेल्या गाडीतही हे होतं.

आता नाक चिमटीत धरा, चार-पाच ग्रॅमचा तुकडा जिभेवर ठेवा, दोनदा चावा आणि थांबा. या क्षणी गोड, कडू, आंबट एवढंच जाणवतं. चिमूट सोडा. फळं, फुलं, भाजलेला वास हे सगळं एकदम येतं, कारण ते जिभेचं कामच नाही. तोंडातून घशामागून नाकात चढणारा वास तो. घरातल्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग तुकडा आपोआप विरघळू द्यायचा. आंबटपणा सहसा आधी पुढे येतो, मधे कोकोचा आणि भाजणीचा भाग, कडवटपणा मागाहून, आणि अगदी शेवटी गालांच्या आत तुरटपणा.

नवख्या चाखणाऱ्यांची मुख्य गल्लत कडू आणि तुरट यांच्यातच होते. कडवटपणा थिओब्रोमिन आणि कॅफिनमधून येतो, आणि प्रमाणात असेल तर तो हवाच. तुरटपणात पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि तोंड कोरडं पडतं, कच्चं केळं चावल्यासारखं. बिया पुरेशा आंबल्या नाहीत की तो राहून जातो. अशी बी उभी चिरली तर आत जांभळी किंवा पाटीसारखी करडी दिसते. नीट आंबलेली बी तपकिरी आणि भेगाळलेली असते. खरेदीदार ३०० बिया चिरून हेच मोजतात. म्हणजे तोंडाला कोरड पडल्यावर जे जाणवतं, ते खरेदीच्या वेळी चाकूने आधीच दिसलेलं असतं.

आंबटपणाही एक नसतो. मादागास्करच्या सांबिरानो खोऱ्यातल्या बियांचा बार लिंबूवर्गीय फळांसारखा, बेरीसारखा आंबट असतो आणि ते त्याचं वैभव आहे. पण नाकात व्हिनेगरचा झणका बसला, तर आंबवताना तयार झालेलं ॲसेटिक आम्ल बाहेर पडायला वेळ मिळालेला नाही. बिया घाईने, फार जोरात वाळवल्या की बाहेरचं आवरण आधी सुकतं आणि आम्ल आत अडकतं. धुराचा वास असेल तर तोही वाळवणीतलाच. पापुआ न्यू गिनीत पाऊस इतका की लाकडाच्या धगीवर बिया सुकवाव्या लागतात, म्हणून तिथल्या कोकोला धूर चिकटलेला आढळतो. काहींना तो आवडतो. मला तो झाडाचा गुण वाटत नाही, आणि परीक्षणात तसं स्पष्ट लिहावं असं माझं मत आहे.

शेतानंतर कारागिराचा हात. भाजणी जास्त झाली की सगळ्या देशांच्या बिया सारख्याच लागतात, कोळपलेल्या. मोठ्या कारखान्यांची गरजच तशी असते. दरवर्षी तीच चव द्यायची तर बियांमधले भेद बुजवावे लागतात. नंतर येतं कॉन्चिंग, म्हणजे वितळलेलं चॉकलेट तासन्‌तास घोटत राहणं. १८७९ मध्ये बर्नमध्ये रोडोल्फ लिंट यांनी ते सुरू केलं. त्यात उरलंसुरलं आम्ल उडतं आणि पोत मऊ होतो. अति घोटलं तर फळांचे वासही उडून जातात. जगभरच्या अनेक छोट्या कारखान्यांत बिया दळणं आणि हे घोटणं ज्या यंत्रावर होतं, ते मूळचं आपल्या दक्षिणेतलं इडली-डोशाचं ग्राइंडर. अमेरिकेत जॉन नान्सी यांनी त्या ग्रॅनाइटच्या चाकांवर कोको दळून पाहिला आणि घरच्या घरी बियांपासून चॉकलेट करणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. एरवी त्या आकाराचं यंत्र मिळतच नव्हतं. या चळवळीतला तमिळ स्वयंपाकघराचा हा वाटा पुरेसा सांगितला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोन बारांच्या मधे जीभ स्वच्छ करायला इंटरनॅशनल चॉकलेट अवॉर्ड्सचे परीक्षक पोलेंटा, म्हणजे मक्याच्या रव्याची पातळ, अगदी सपक पेज वापरतात. आपली बिनमिठाची तांदळाची पेज तेच काम करते. नुसतं गार पाणी टाळावं. जिभेवरचं बटर त्याने घट्ट होऊन बसतं. एका बैठकीत चार बारांपुढे जाऊ नये.

आता लिहिण्याचा नमुना. केरळातल्या इडुक्कीच्या बियांचा ७० टक्क्यांचा एक बार चाखून केलेली ही माझी नोंद :

‘मोडताना आवाज कोरडा, रंग लालसर तपकिरी. वासात मनुका. सुरुवातीलाच संत्र्याच्या सालीकडे झुकणारा आंबटपणा, झोंबत नाही. मधल्या भागात मनुका पुन्हा येते, मग काकवी. भाजणी हलक्या हाताची. पोत किंचित जाड. बटर वरून घातलेलं नाही. शेवटाला तुरटपणा चढतो आणि फळांना झाकतो, तेव्हा काही बिया कमी आंबल्या असाव्यात. गिळल्यावर बराच वेळ काकवी रेंगाळते. किमतीला योग्य. याच शेताचा पुढच्या हंगामातला बार जरूर घेईन.’

यात गुण दिलेले नाहीत, ताऱ्यांची रांग नाही. पण बनवणाऱ्याने ही नोंद शेतकऱ्याला वाचून दाखवली, तर आंबवण्याच्या पेटीतल्या बिया कितीदा उलथल्या, आणखी एक दिवस ठेवायला हव्या होत्या का, यावर दोघांचं बोलणं होऊ शकतं.

पुढच्या लेखांकापर्यंत एवढं करा : एकाच कारखान्याचे, एकाच टक्क्याचे, पण दोन वेगळ्या प्रदेशांच्या बियांचे बार आणा. वेष्टन दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, तुकडे ताटलीत मिसळू देऊ नका, आणि कुठला कोणता हे न कळता दोन्हींची नोंद लिहा. पुढच्या आठवड्यात इडुक्की आणि आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या बागांकडे जायचं आहे, तेव्हा त्या नोंदी हाताशी असू द्या.