पानाच्या आतला गळीत हंगाम

पुणे–सोलापूर महामार्गाने इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडली की माढा तालुक्यातली टेंभुर्णी येते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि चौकातून उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा सुरू होते, ती पार उन्हाळ्यापर्यंत. त्याच रस्त्याने अकरावीची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले क्लासला जातात. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे, म्हणून या विषयाला मान मोठा, पण तो बहुधा पाठांतराचा. ‘क्रांझ रचना कशात आढळते?’ या प्रश्नाला डोळे मिटून ‘ऊस’ हा पर्याय निवडणाऱ्या मुलाने घरच्या उसाचे पान कधी कापून पाहिलेले नसते.

पान कापणे तसे सोपेही नाही. मधली जाड शीर सोडून पात्याचा लहानसा तुकडा घ्यावा, गाजराच्या फोडीला चीर पाडून तो तिच्यात धरावा आणि ओल्या, नव्या ब्लेडने एकाच दिशेला ओढत काप घ्यावेत. बहुतेक जाडच येतात. पाण्यात तरंगणाऱ्या कापांतला सर्वांत पातळ, जवळजवळ न दिसणारा, ब्रशने उचलायचा. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात तो काप, आणि वरून कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी धरून हळूच सोडायची. घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो. मग काळ्या ठळक कडेचा तो गोल ‘पेशी’ म्हणून जर्नलमध्ये सुबक काढला जातो, खाली नावेही दिली जातात.

काप जमला, तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गर्द हिरव्या पेशींचे कडे दिसते आणि त्याबाहेर लहान पेशींचा दुसरा वेढा. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी हे कडे, म्हणजेच ती क्रांझ रचना, एकोणिसाव्या शतकातच वर्णन करून ठेवले होते. ते कशासाठी, हे कळायला मात्र १९६० चे दशक उजाडले, आणि त्यात उसाचा वाटा मोठा होता.

मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या शैवालावर प्रयोग करून दाखवले होते की, हवेतला कार्बन वनस्पतीत शिरल्यावर आधी तीन कार्बनचे संयुग बनते. त्याबद्दल कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. हवाईत उसावर काम करणारे ह्यूगो कोर्टशॅक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांनी किरणोत्सारी कार्बन उसाच्या पानाला दिला, तेव्हा तो आधी चार कार्बनच्या आम्लांत सापडला. पुस्तकाशी उत्तर जुळत नसले की आपल्याकडे प्रयोग चुकला म्हणतात. या तिघांनी तो १९६५ साली छापला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्याची साखळी उलगडली. तेही एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत काम करत होते.

कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर जरा गोंधळणारे आहे. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते ऑक्सिजनही धरते. ऊन तापले की पाणी वाचवायला पर्णरंध्रे मिटतात, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, आणि हा गोंधळ आणखी वाढतो. बांधलेला कार्बन पुन्हा वाया जातो. उसाने कामाची वाटणी केली. बाहेरच्या पेशींत दुसरे विकर असते, ते ऑक्सिजनला फसत नाही. ते कार्बन चार कार्बनच्या आम्लात बांधून आतल्या कड्याकडे पाठवते. तिथे तो मोकळा होतो आणि रुबिस्कोला भरपूर मिळतो, म्हणून पर्णरंध्रे कमी उघडूनही भागते आणि पाणी वाचते. तोड शिवारात, गाळप कारखान्यात. या वाहतुकीला जादा ऊर्जा लागते, आणि थंडीत रुबिस्कोचा गोंधळ कमी असल्याने तेव्हा वाढणाऱ्या गहू-हरभऱ्याचे तिच्यावाचून अडत नाही.

इथे माढा तालुक्यातल्या मुलाने हात वर करायला हवा. या युक्तीने पाणी वाचते म्हणता, मग पाण्याच्या नावाने सगळे उसालाच का बोल लावतात? शेजारची ज्वारीही याच जातकुळीची. मालदांडी तर रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर निघते. उत्तर असे की, काटकसर आहे ती दर किलो वाढीमागे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो आणि त्या काळात प्रचंड वाढतो, त्यामुळे एकूण पाणी अफाट लागते. वार्षिक परीक्षेत पाच गुणांना मी हाच प्रश्न घातला असता. दर आणि एकूण यांतला फरक ज्याला कळला, त्याला परिसंस्थेचे निम्मे गणित कळले.

आनुवंशिकीसाठीही बांध ओलांडावा लागत नाही. लागण डोळ्याच्या टिपरीने होते, खोडवा जुन्याच बुडख्यातून फुटतो. म्हणजे फड भरून एकाच झाडाच्या नकला, सगळे सूत्री विभाजन. नवा वाण काढायचा तर तुरा हवा, कारण गुणसूत्रांची नवी जुळणी फुलातच होते. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने (स्थापना १९१२) गोड उसाचा संकर रानटी गवताशी घडवून १९१८ मध्ये ‘को २०५’ दिला. आपल्याकडच्या ‘को ८६०३२’ मधला ‘को’ कोइमतूरचाच. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी तिथेच उसाच्या गुणसूत्रांवर काम केले. आजच्या वाणांत ती साधारण १०० ते १३० असतात, माणसात ४६. गुणसूत्रे जितकी जास्त तितका जीव प्रगत, असे समजणाऱ्यांनी उसाकडे पाहावे.

ट्रॉली काट्यावर दोन दिवस अडली की उतारा का घसरतो? तोडलेल्या उसातही इन्व्हर्टेज हे विकर थांबत नाही. सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहते, आणि त्यांची दाणेदार साखर होत नाही. शेतकऱ्याला हे नुकसान ठाऊक असते, मुलाला विकराची व्याख्या. दोघे एकाच घरात राहतात.

आणि नकलांचा फड किती नाजूक असतो, हे २००२ मध्ये कळले. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. त्याच्या माद्या नराविना थेट पिले घालतात, म्हणजे नकलांच्या पिकावर नकलांचीच धाड. पानाखाली पांढरा कापूस, वर काळी बुरशी. औषध फवारले की माव्याबरोबर त्याला खाणाऱ्या अळ्याही मरत. शेवटी कोनोबाथ्रा या पतंगाच्या मावाखाऊ अळ्या असलेली पाने कापून ती माव्याने भरलेल्या दुसऱ्या फडात नेऊन टाचायला सुरुवात झाली. भक्ष्य-भक्षकाचा आलेख पाठ्यपुस्तकात मात्र ससा आणि लिंक्स यांचा असतो.