संपाचा हक्क आणि कामाचा हक्क

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर राज्य परिवहन महामंडळाच्या कामगारांनी जो संप आरंभिला, त्याची आठवण वाशीमकरांस अद्याप असेल. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर व कारंजा या आपल्या जिल्ह्यातील आगारांची चाके राज्यातील इतर आगारांबरोबर थांबली, आणि बाजारास येणारे गिऱ्हाईक, शाळेस जाणारी मुले व दवाखान्याची वाट धरणारे रोगी या सर्वांचीच तारांबळ उडाली. महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे, ही कामगारांची मागणी योग्य होती की अयोग्य, हा आजचा आमचा विषय नव्हे. त्या संपाने दुसराच एक प्रश्न उभा केला, त्याचा विचार सुशिक्षितांनी व व्यापाऱ्यांनी शांतपणे करावा, एवढीच आमची विनंती आहे. तो प्रश्न असा : ज्यास संप करावयाचा नाही, त्यास कामावर जाण्याचा हक्क आहे की नाही?

या संपाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने पगारवाढ जाहीर केली, तेव्हा काही कामगार परतले, परंतु बहुसंख्य बाहेरच राहिले. २० डिसेंबरास संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेनेच संप मागे घेतला. तरी हजारोंनी तो हुकूम मानिला नाही, आणि पुढे उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितले, तेव्हा कोठे संप मिटला. पुढाऱ्यांचे न ऐकण्याचे हे स्वातंत्र्य कामगारांनी उघडपणे भोगिले. मात्र त्याच काळात राज्यात काही ठिकाणी धावत्या गाड्यांवर दगड पडले. पुढाऱ्याचा हुकूम मोडणे हा हजारांचा हक्क, आणि सोबत्यांचा हुकूम मोडणे हा मात्र एकट्याचा गुन्हा, हा न्याय कोठला? ज्याची चूल एका पगारावर पेटते, त्याने किती दिवस उपास काढावा, हे त्याच्या घरच्यांवाचून कोणी ठरवावे?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कोणासही एखाद्या संघटनेत राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. संघटनेचे सभासद होत नाहीत म्हणून नोकरीवरून काढलेल्या तीन ब्रिटिश रेल्वे कामगारांची बाजू १९८१ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने उचलून धरिली. आपल्या महाराष्ट्राने तर १९७१ सालीच कायदा करून, सभासदत्वाची सक्ती करणे, संपात नसलेल्यास धमकाविणे वा त्याची वाट अडविणे ही संघटनांची अनुचित वर्तणूक ठरविली.

यावर कोणी म्हणेल की, लढणाऱ्यांनी पेरावे आणि घरी बसणाऱ्याने कापावे, हे न्यायाचे आहे काय? आक्षेप खरा आहे. मिळालेली पगारवाढ सभासद व बिगरसभासद असा भेद करीत नाही. परंतु त्यावर उपाय दगड नव्हे; चोख हिशेब, खुले मतदान आणि पटवून देण्याची चिकाटी हाच उपाय होय. धाकाने जमविलेली संघटना धाक सरताच विरून जाते.

मात्र हे वाचून मालकवर्गाने हर्ष मानू नये. तोच १९७१ चा कायदा संघटनेत जाणाऱ्यास धमकाविणाऱ्या मालकासही दोषी ठरवितो. महामंडळाने त्या संपात हजारो कामगार निलंबित केले. बडतर्फीच्या भीतीने जो चाकामागे बसतो, तो स्वेच्छेने कामावर आला असे म्हणता येत नाही. आमच्या बाजारपेठांतील हमालाची गोष्टही हीच. त्याने संघटनेत जावे की न जावे, हे अडत्याने सांगू नये आणि पुढाऱ्यानेही लादू नये. दोहोंकडील धाक जेव्हा सुटेल, तेव्हाच त्याचा होकार हा खरा होकार होईल.