ठिगळांची गोष्ट

‘ई-साहित्य’ म्हटलं की काय आठवतं? मोबाइलवर आलेली पीडीएफ, नाहीतर ई-बुक. पण मैत्रिणींनो, ते झालं छापील पुस्तकच, फक्त काचेवर आलेलं. मी सांगतेय त्या साहित्याची प्रिंट काढताच येत नाही. काढली तर गोष्टच मोडते!

शेली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘पॅचवर्क गर्ल’ घ्या. १९९५ मध्ये ही कादंबरी आली ती फ्लॉपीवर. तिचं मूळ मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये आहे. (दोघींच्या नावातलं ‘शेली’ हा योगायोग बरं का!) मेलेल्यांचे अवयव जोडून व्हिक्टर एक राक्षस घडवतो. तो राक्षस म्हणतो, मला जोडीदारीण हवी. व्हिक्टर ती करायला घेतो, पण यांची पिलावळ वाढली तर, या भीतीनं अर्धवट झालेल्या त्या बाईचे तुकडे करून टाकतो. बिचारी जन्माला येतच नाही.

जॅक्सन म्हणते, समजा, खुद्द मेरीनंच तिला शिवून पूर्ण केलं असतं तर? मग ती बाई बोलू लागते. तिचा प्रत्येक अवयव कुणा दुसऱ्याचा, आणि ज्याचा त्याचा इतिहास वेगळा.

ही गोष्ट वाचायची कशी? पडद्यावर मजकुराचा छोटा तुकडा येतो. टिचकी मारली की दुसरा. कुठून कुठे जायचं, ते बरंचसं आपणच ठरवायचं. पान नंबर नाही, शेवटचं पान नाही. तुम्ही वाचाल तो क्रम तुमच्या जावेचा नसेल. म्हणजे बाईचे तुकडे जोडायचं काम वाचणारीच्याच हाती! यातल्या एका भागाचं नावच ‘गोधडी’ आहे, आणि तो भाग दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या ओळी एकमेकींना टाचून केलेला आहे. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडी शिवलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको.

आता खरं सांगायचं तर या प्रकारातलं सगळंच काही गोड लागत नाही. काही ठिकाणी नुसतं गोल गोल फिरवतात. आपल्याला शेवट हवा असतो, त्यात गैर काय? पण ‘पॅचवर्क गर्ल’मध्ये तुकडे हाच विषय आहे, म्हणून ती रीत शोभते.

खरी काळजी वेगळीच आहे. डीना लार्सन यांच्या ‘मार्बल स्प्रिंग्ज’मध्ये (१९९३) कोलोरॅडोतल्या एका खाणीच्या गावातल्या बायकांची आयुष्यं कवितांतून येतात. ती ज्या ‘हायपरकार्ड’ प्रणालीवर रचली होती, तिची विक्री ॲपलनं २००४ मध्ये बंद केली. २०२० अखेर ‘फ्लॅश’ बंद झालं, तशा त्यावरच्या कितीतरी रचना उघडेनाशा झाल्या. छापील पुस्तक माळ्यावर पडून टिकतं. इथे मशीन गेलं की बाईचं लिहिणंही गेलं!

म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला (कॅनडातलं नव्हे) विद्यापीठात डीन ग्रिगार या प्राध्यापिकेनं जुने मॅकिंटॉश चालू स्थितीत जपून ठेवलेत. स्टुअर्ट मोलथ्रॉप यांच्यासोबत तिनं लेखक-लेखिकांना अशा जुन्या मशीनसमोर बसवलं आणि आपापली रचना वाचताना त्यांचं चित्रीकरण केलं. त्यात जॅक्सनही आहे, स्वतःच्या हातानं एकेक ठिगळ उघडत.